८६५ या आकड्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात अनगोळला राहते, आठवी ते दहावीच्या पोरांची गणिताची ट्युशन घेते, मराठी मीडियमची पण येतात आणि कन्नड मीडियमची पण. एकदा अवयव शिकवताना फळ्यावर ८६५ लिहिलं तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "टीचर, हे तर आपलं गावांचं!" आकडा सगळ्यांना पाठ, पण त्याला कशाने भाग जातो विचारलं तर वर्ग गप्प. त्या दिवशीपासून हा आकडा माझ्या मागे लागला, आणि पोरं काय, त्यांचे आईबाबा काय, गणपतीत घरी आलेले पाहुणे काय, सगळे तेच तेच विचारायला लागले, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

८६५ म्हणजे नेमकं काय, बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं?

महाराष्ट्र कर्नाटकातल्या ज्या मराठी गावांवर दावा सांगतो त्यांची संख्या ८६५ धरली जाते. ती बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा या भागातली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासूनचा हा प्रश्न, २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, डिसेंबर २०२२ मधे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जो ठराव केला त्यातही ८६५ च आहे. कर्नाटकाला हा दावा मान्य नाही. आमच्याकडं बॅनरवर, भाषणात, पेपरात हा आकडा लहानपणापासून दिसतो, त्यामुळे तो आकडा कमी आणि नाव जास्त वाटतो.

मग हे सीमाप्रश्नाबद्दल आहे का?

नाही. इथं फक्त आकड्याबद्दल. पाच आणि एकशे त्र्याहत्तरचा गुणाकार कुठल्याही कोर्टात तोच येतो.

आकडाच घ्यायचा तर एखादा प्रसिद्ध घ्यायचा की, ६१७४ वगैरे?

६१७४ वर (त्याची गोष्ट खाली कापरेकरांच्या प्रश्नात येईल) भरपूर लिहून झालंय. आणि मला असं मनापासून वाटतं की कुठलाही आकडा नीट बसून उलगडला तर आत काहीतरी सापडतंच, फक्त आधी तो आकडा आपल्याला जवळचा वाटायला पाहिजे म्हणजे माणूस बसतो. ८६५ च्या बाबतीत तर मला अपेक्षेपेक्षा खूप जास्त सापडलं, ते खाली येईलच.

८६५ मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी ५ आहे म्हणजे ५ ने भाग जाणारच. ५ ने भागायची सोपी रीत, दुप्पट करा आणि शेवटचं शून्य काढून टाका: ८६५ ची दुप्पट १७३०, शून्य काढलं की १७३. म्हणजे ८६५ = ५ × १७३.

आता १७३ फुटतो का बघायचं. १३ चा वर्ग १६९ आणि १४ चा १९६, म्हणजे १३ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासल्या की झालं. २ नाही, ३ नाही कारण अंकांची बेरीज ११, ५ नाही, ७ ने भागलं तर ५ उरतात, ११ ने ८ उरतात, १३ ने ४ उरतात. संपलं, १७३ मूळ संख्या आहे, आणि मूळ संख्या ओळीने मोजत गेलात तर बरोबर चाळिसावी. तर ८६५ चे विभाजक चारच: १, ५, १७३ आणि ८६५. अशा फक्त दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेल्या संख्येला सेमीप्राइम म्हणतात.

पोरं इथं थोडी नाराज होतात, दोनच अवयव, एवढंच? थांबा जरा. खरी मजा ५ आणि १७३ हे दोघं कुठल्या जातीचे आहेत त्यात आहे.

कन्नड मीडियमच्या पोरांना हा आकडा वेगळा वाटतो का?

बोलायला वेगळा. मराठीत आपण "आठशे पासष्ट" म्हणतो, त्यातला पासष्ट हा जोडून गेलेला शब्द, आधी पाच मग साठ, आणि सासष्ट सदुसष्ट अडुसष्ट असं प्रत्येकाचं वेगळं रूप पाठ करावं लागतं. कन्नडमधे "एंटुनूरा अरवत्तैदु", आठशे, साठ, पाच, जसं लिहिलंय त्याच क्रमाने. महाराष्ट्रात २०१९ मधे दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं आलं होतं त्यावरून केवढा गोंधळ झाला, आमच्याकडची पोरं मात्र गल्लीत दोन्ही पद्धती रोज वापरतात. माझ्या ट्युशनला एक पोरगी आहे, घरी मराठी आणि शाळा कन्नड, ती तोंडी हिशोब करताना हातचा कन्नडमधे धरते आणि उत्तर मराठीत सांगते.

पण या प्रश्नातून मला एक मोठी गोष्ट पोरांना सांगता येते, आणि ती पुढं सारखी लागेल म्हणून आत्ताच सांगते. काही गोष्टी संख्येच्या असतात आणि काही गोष्टी ती संख्या आपण लिहितो कशी त्याच्या असतात. ८६५ खडे घेऊन ५ सारखे ढीग करता येतात, हे खड्यांचं खरं आहे, कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत. पण "अंकांची बेरीज १९ येते" हे फक्त आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून. कॉम्प्युटर हाच आकडा ११०११००००१ असा लिहितो (५१२ + २५६ + ६४ + ३२ + १), तिथं अंकांची बेरीज ५ येते. पहिल्या प्रकारचे गुणधर्म मला जास्त आवडतात.

दोन वर्गांची बेरीज म्हणजे काय, आणि ८६५ मधे ते काय आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

वर्ग म्हणजे १, ४, ९, १६, २५ असे. आता विचार करा, ८६५ खडे आहेत, त्यातून दोन पूर्ण चौकोन रचायचे, एकही खडा उरता कामा नये. जमेल का? पोरांना मी हे वहीत करायला लावते, कॅल्क्युलेटर बंद. ३० चा वर्ग ९०० म्हणजे जास्त झाला, २९ पासून खाली यायचं. ८६५ मधून २९ चा वर्ग ८४१ काढला, उरले २४, वर्ग नाही. २८ चा वर्ग ७८४ काढला, उरले ८१. आणि ८१ म्हणजे नवाचा वर्ग! इथं कोणीतरी एक ओरडतोच. बहुतेकजण इथं पेन खाली ठेवतात, पण मी म्हणते पुढं चला. २७ ला उरतात १३६, २६ ला १८९, २५ ला २४०, नाही नाही नाही, आणि २४ ला, ५७६ काढले, उरले २८९. २८९ म्हणजे १७ चा वर्ग.

तर:
८६५ = २८ चा वर्ग + ९ चा वर्ग
८६५ = २४ चा वर्ग + १७ चा वर्ग

२३ ला ३३६, २२ ला ३८१, २१ ला ४२४, काही नाही, आणि त्याच्या खाली जायची गरज नाही कारण मोठा चौकोन निम्म्यापेक्षा मोठा असणारच. एकूण नऊ वेळा वजाबाकी केली की सगळं कळतं. दोनच रीती, पण दोन आहेत हेच विशेष, बऱ्याच संख्यांना एक पण नसते.

हे योगायोगाने झालं का?

अजिबात नाही. ५ ला ४ ने भागलं तर १ उरतो, १७३ ला भागलं तरी १ उरतो. अशी मूळ संख्या नेहमी दोन वर्गांची बेरीज असते आणि ती एकाच रीतीने, हे फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मधे मर्सेनला लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं आणि पुढं ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने सिद्ध केलं. ५ म्हणजे ४ + १. १७३ म्हणजे १६९ + ४, १३ चा वर्ग आणि २ चा वर्ग.

आता या दोघांचा गुणाकार केला की ८६५ च्या दोन्ही रीती कशा बाहेर येतात बघा, आणि हे काम आपल्याकडं ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात मांडलेल्या रीतीतून होतं, आपल्या जुन्या गणितात तिला "भावना" म्हणतात. आपल्याला लागणारं तिचं रूप असं: जोड्या घ्या (२, १) आणि (१३, २).

तिरपा गुणाकार करून बेरीज: २ × २ + १ × १३ = १७. आणि सरळ गुणाकारांची वजाबाकी: २ × १३ − १ × २ = २४. आली पहिली जोडी, २४ आणि १७.

आता बेरीज वजाबाकीची अदलाबदल करा. सरळ गुणाकारांची बेरीज: २६ + २ = २८. तिरप्यांचा फरक: १३ − ४ = ९. आली दुसरी, २८ आणि ९.

एकीला समासभावना म्हणतात, दुसरीला अंतरभावना. पहिल्यांदा हे हाताने केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात वहीवर २८ आणि ९ आपोआप उमटले, आणि मला त्या वेळी कोणालातरी उठवून दाखवावंसं वाटलं. नऊ वेळा वजाबाकी करून जे सापडलं होतं ते चार छोट्या गुणाकारात समोर.

याचा बाहेर कुठं उपयोग होतो का, की नुसतं वहीत?

येळ्ळूरला आमच्या नात्यातल्या एकांचं घर बांधायला काढलं होतं, पायाचा लाईनआउट चालला होता, फक्की टाकायच्या आधी गवंडी मामा दोरी ताणून कोपऱ्याचा काटकोन बघत होते. त्यांची रीत सगळ्या गवंड्यांची असते तीच, एका दोरीवर ३ फूट खूण, दुसरीवर ४ फूट, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात. पायथागोरसचं प्रमेय शाळेत न शिकता हातात बसलेलं.

मी म्हटलं मामा, एक माप माझं पण घेऊन बघा की. एका बाजूला ५ मीटर ४ सेंटी, दुसऱ्या बाजूला ७ मीटर ३ सेंटी, आणि तिरकस ८ मीटर ६५ यायला पाहिजे. त्यांनी खुंटीला टेप अडकवला, हेल्परला पलीकडं पाठवलं, दोघांनी टेप ताणला, आणि अंगठा बरोबर ८६५ वर. मामा म्हणाले, "हे कुठनं काढलासा ओ?" मी त्यांना फक्कीच्या पिशवीवर पेनाने २८ आणि ९ लिहून दाखवलं.

रीत अशी, दोन वर्गांची जोडी मिळाली की काटकोन त्रिकोण तयार. २८ आणि ९ घ्या: वर्गांचा फरक ७८४ − ८१ = ७०३, गुणाकाराची दुप्पट २ × २८ × ९ = ५०४, आणि वर्गांची बेरीज ८६५. तिन्ही बाजू मिळाल्या. २४ आणि १७ घेतले तर फरक २८७, दुप्पट गुणाकार ८१६, कर्ण परत ८६५.

आणखी दोन आहेत. ३-४-५ ला १७३ ने गुणलं की ५१९-६९२-८६५, हा म्हणजे गवंडी मामांचाच त्रिकोण मोठा केलेला. आणि १३ व २ पासून ५२-१६५-१७३ मिळतो, त्याला ५ ने गुणलं की २६०-८२५-८६५. एकूण चार, यापेक्षा जास्त नाहीत:

५०४, ७०३, ८६५
२८७, ८१६, ८६५
५१९, ६९२, ८६५
२६०, ८२५, ८६५

कोणाला शंका असेल तर चारही ठिकाणी वर्गांची बेरीज करून बघा, प्रत्येक वेळी ७४८२२५ येणार. आणि हे अंगणात काढून बघण्यासारखं आहे: ८ मीटर ६५ व्यासाचं एक वर्तुळ काढलं, त्या मापाचे चारही आयत त्यात बसवले, तर प्रत्येक आयताचे चारही कोपरे त्याच वर्तुळावर येतात. चार वेगवेगळ्या आकाराच्या खोल्या, कोपरा ते कोपरा अंतर सगळ्यांचं एकच.

८६५ चा वर्ग तोंडी कसा काढायचा?

शेवटी ५ असलेल्या कुठल्याही संख्येची रीत तीच. ८६ ला त्याच्या पुढच्याने गुणा, ८६ × ८७ = ७४८२, मागे २५ चिकटवा, ७४८२२५.

जुन्या कागदात ८१४ गावं पण वाचलंय, मग ८१४ का नाही घेतला?

होय, आधीच्या मागणीत ८१४ असा आकडा होता. तो पण फोडून बघितला मी. ८१४ = २ × ११ × ३७. अवयव तीन, म्हणजे दिसायला श्रीमंत, पण दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहायला गेलात तर एकही रीत नाही, वहीची पानं भरून वजाबाक्या केल्या तरी नाही. कारण ११. अकराला ४ ने भागलं की ३ उरतात, आणि असली मूळ संख्या अवयवात एकटी आली की सगळं अडतं. ती जोडीने आली असती, म्हणजे ११ × ११, तर अडलं नसतं. एक अवयव बदलला की संख्येचा स्वभाव किती बदलतो हे दाखवायला ८१४ आणि ८६५ शेजारी शेजारी लिहून मी अर्धा तास घेते, पोरांना ते लक्षात राहतं कारण दोन्ही आकडे घरात ऐकलेले असतात.

ओळीने येणाऱ्या संख्यांची बेरीज ८६५ होते का?

होते, तीन रीतीने.
४३२ + ४३३
१७१ + १७२ + १७३ + १७४ + १७५
८२ पासून ९१ पर्यंत दहा संख्या

खानापूरची कौलं रचताना डोळ्यासमोर आणा, खाली ९१, वर ९०, मग ८९, अशा दहा ओळी, सगळ्यात वर ८२. एकूण ८६५ कौलं. तीनच रीती का, तर ८६५ चे विषम विभाजक चार, त्यातला १ सोडला की तीन, प्रत्येक विभाजकाची एक रीत.

आजूबाजूला मूळ संख्या कुठल्या?

खाली ८६३, वर ८७७. दोघांच्या मधे चौदाचं अंतर, या टप्प्यात एवढी मोकळी जागा म्हणजे बरीच झाली. आणि ८६३ मूळ असल्यामुळे २ + ८६३ = ८६५, दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहायची ही एकच रीत आहे, कारण बेरीज विषम हवी तर एक जण २ असायलाच लागतो.

गाडीला ८६५ नंबर घेऊ का, शुभ आहे का? बेरीज १ येते म्हणे.

हे विचारणारे खूप, के ए बावीस या बेळगावच्या पासिंगपुढं हा नंबर हवा असतो. ८ + ६ + ५ = १९, १ + ९ = १०, मग १. बरोबर आहे, पण ही शुभ अशुभाची गोष्ट नाही, ८६५ ला ९ ने भागलं की १ उरतो (९ × ९६ = ८६४) एवढाच त्याचा अर्थ. आपले आजोबा यालाच नवाचा ताळा म्हणायचे आणि गुणाकार बरोबर आला का बघायला वापरायचे. वरचाच वर्ग घ्या, ७४८२२५ ची बेरीज २८, मग १०, मग १. आणि १ × १ = १. ताळा जमला. किराणा दुकानात वहीवर हिशोब करणारी म्हातारी माणसं अजून हे करतात, कॅल्क्युलेटरपेक्षा लवकर. नंबर आवडला म्हणून घ्या, मी पण घेतला असता.

कापरेकरांचा खेळ ८६५ वर चालतो का?

चालतो, आणि छान चालतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, देवळालीला शाळेत मास्तर होते, मोठं पद नाही, कुठल्या विद्यापीठात नोकरी नाही, आणि जगभरात नाव झालं ते अंकांच्या खेळांमुळे. मला त्यांचा फार आदर आहे, कारण मी पण शाळेच्याच पोरांत रमणारी बाई.

तीन अंकी संख्येसाठी खेळ असा: अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग उलटे लिहा, वजाबाकी करा, परत तेच.
८६५ − ५६८ = २९७
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५
आणि ४९५ वर जाऊन अडकतो, पुढं कितीही करा ४९५ च. तिन्ही अंक सारखे नसले तर सगळ्या तीन अंकी संख्या शेवटी इथंच येतात, चार अंकी ६१७४ वर येतात.

यात पहिल्याच पायरीला आलेला २९७ बघा. २९७ चा वर्ग ८८२०९, त्याचे दोन तुकडे ८८ आणि २०९, बेरीज केली की परत २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात! म्हणजे कापरेकरांच्या खेळात ८६५ पहिली उडी कापरेकर संख्येवर मारतो. आणि हो, मधला ६ इथं काहीच करत नाही, फक्त ८ आणि ५ मधला फरक ३ महत्त्वाचा, ३ × ९९ = २९७. म्हणून ८७५ घेतला तरी २९७ च येतो. हे सगळं दुसऱ्या प्रकारचं, लिहिण्याच्या पद्धतीतून येणारं, पण सुंदर आहे म्हणून सोडवत नाही.

उलटून बेरजेचा खेळ पण करा: ८६५ + ५६८ = १४३३, १४३३ + ३३४१ = ४७७४. उलटसुलट सारखा. त्याला ११ ने भागा, ४३४, तो पण उलटसुलट सारखा.

१ भागिले ८६५ केलं तर कॅल्क्युलेटरवर काहीतरी लांबलचक येतं, त्याचं काय?

कॅल्क्युलेटर मधेच तोडतो म्हणून कळत नाही. खरं उत्तर ०.००११५६०६९३६४... असं सुरू होतं, आणि हाताने भागाकार करत राहिलात तर दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक सोडून पुढचे ४३ अंक एक अख्खी माळ होते आणि तीच माळ परत परत फिरते:

०११५६०६९३६४१६१८४९७१०९८२६५८९५९५३७५७२२५४३३५२६

एकदा पावसाळ्यात शाळेला सुट्टी दिली होती, आणि ट्युशनला चारच पोरं आली होती, माळ किती लांब ते १७३ वरूनच ठरतं म्हणून आम्ही फळ्यावर १ भागिले १७३ चा भागाकार शेवटपर्यंत केला. बाकी लिहीत जायची: १०, १००, १३५, १३९, ६, ६०, ८१... आणि सगळे वाट बघतोय १ परत कधी येतो. चाळीस पायऱ्या झाल्या तरी येईना, एकजण म्हणाला टीचर कुठंतरी चुकलं. एकेचाळिसाव्याला बाकी १०९, बेचाळिसाव्याला ५२, मग ५२० ला १७३ ने भागलं, तीन वेळा, ५१९, बाकी १. टाळ्या. ४३ का, तर १७३ मधून १ वजा केला की १७२, आणि १७२ = ४ × ४३, माळेच्या लांबीने या १७२ ला पूर्ण भाग जावाच लागतो.

आयुष्यात याचा उपयोग काय, हे विचारणाऱ्या बाबांना काय सांगायचं?

त्यांना त्यांच्या बँकेच्या वेबसाईटचं सांगा. माहिती गुप्त ठेवायची आरएसए नावाची एक पद्धत आहे, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मधे काढलेली, ती ८६५ सारख्याच संख्यांवर चालते, म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, अवयव लपवायचे. ८६५ चे अवयव आपण एका ओळीत काढले, पण खऱ्या कुलुपातली संख्या सहाशेच्या वर अंकांची असते, ती फोडायला आजचे कॉम्प्युटर पुरत नाहीत. ८६५ वर छोटं कुलूप करून बघता येतं: त्याच्यापेक्षा लहान आणि त्याच्याशी १ सोडून कुठलाही सामाईक अवयव नसलेल्या संख्या मोजा, ४ × १७२ = ६८८. कुलूप लावायची किल्ली ३ घेतली तर उघडायची किल्ली ४५९, कारण ३ × ४५९ = १३७७ आणि ६८८ ने भागल्यावर १ उरतो. आता हा ६८८ काढायला ५ आणि १७३ माहीत असावे लागतात, सगळं कुलूप त्यावरच उभं आहे.

सोळाच्या पटीत लिहिलं तर ३६१ येतो, आणि ३६१ म्हणजे १९ चा वर्ग, आणि ८ + ६ + ५ पण १९! यात काही आहे का?

हे माझ्या जुन्या विद्यार्थ्याने इंजिनिअरिंगला गेल्यावर रात्री मेसेज करून पाठवलं. आकडे बरोबर आहेत (३ × २५६ + ६ × १६ + १ = ८६५), पण हा योगायोग. सोळाच्या पटीतलं ३६१ म्हणजे आपलं ३६१ नव्हेच. बघायला मजा येते, पण यातून पुढं कुठं जाता येत नाही, आणि भावनेतून जाता येतं, मी फरक असा ओळखते.

परीक्षेत येईल का?

८६५ म्हणून येणार नाही. पण अवयव, पायथागोरस, आवर्ती दशांश, वर्ग, अंकगणिती श्रेढी, हे सगळं दहावीपर्यंतचंच आहे.

घरी पोराला काय करायला देऊ?

आधी ६५ द्या. ८६५ ची शेपटीच ती. ६५ = ५ × १३, दोघंही चारने भागून १ उरणारे, म्हणून ६४ + १ आणि ४९ + १६ अशा दोन रीती, आणि ६५ कर्णाचे काटकोन त्रिकोण पण चारच. वेगवेगळ्या दोन वर्गांची बेरीज दोन रीतीने होणारी सगळ्यात लहान संख्या हीच. मग ८५ द्या. आणि ते जमलं की हे: ८६५ नंतर अशी दोन रीतीची पुढची संख्या कुठली? ८६६ पासून एकेक घेऊन अवयव पाडायचे, चारने भागून ३ उरणारा एकटा अवयव दिसला की सोडून पुढं जायचं. उत्तर ८८० आणि ८९० च्या मधे आहे, आणि तिथं २८ परत भेटतो.